म्यूझच्या झऱ्याचं पाणी कसं प्यावं

ग्रीक पुराणकथांचा विषय निघाला की कोणी ना कोणी विचारतंच, "तो कुठला झरा हो, ज्याचं पाणी प्यायलं की कविता सुचते?" मी उलट विचारते, "तुम्हाला नक्की हवंय काय? कविता, शुद्धी, भविष्य की आठवण?" कारण या चारही कामांचे झरे वेगळे, डोंगर वेगळे आणि मालकही वेगळे. भलत्या झऱ्यावर भलत्या वेळी गेलं तर त्या जगात डोळे जातात, आयुष्य घटतं, एखादा तर पाण्यातच ओढला जातो.

म्हणून ही रीतसर कृती. मनाचं काही घातलेलं नाही. हेसिअड, पिंडर, कॅलिमॅकस हे कवी आणि पॉसेनिअस हा प्रवासी, ही जुनी ग्रीक मंडळी जे सांगून गेली तेच कामाच्या क्रमाने लावलंय. शेरे मात्र माझे.

आधी डोंगर ठरवा

कविता हवी असेल तर हेलिकॉन गाठा. म्यूझ म्हणजे कविता-गाण्याच्या नऊ देवी, त्या इथल्या. हा बिओशिया प्रांतातला डोंगर, अथेन्सच्या वायव्येला, सर्वांत उंच माथा सुमारे १,७५० मीटर. अपोलो देवाचं भविष्य सांगणारं स्थान डेल्फी आणि कास्तालियाचा झरा आहे तो पार्नासस डोंगर निराळा, हेलिकॉनच्याही पश्चिमेला. या दोन डोंगरांची सरमिसळ रोमन कवींनी मनसोक्त करून ठेवली. त्यांना काय, त्यांना वृत्तात बसणारं नाव हवं होतं. आपण ती सरमिसळ पुढे चालवायचं कारण नाही. कोणी हिप्पोक्रीनी, म्हणजे हेलिकॉनवरचा तो कवितेचा झरा, पार्नाससवर नेऊन ठेवली, की त्या लेखावरचा माझा विश्वास उडतो.

हेलिकॉनवरही एकच झरा नाही. इ.स. दुसऱ्या शतकात पॉसेनिअस हा प्रवासी तिथे चढून गेला आणि वाटेची नोंद करून गेला. म्यूझच्या राईकडे जाताना डाव्या हाताला ॲगनिप्पे हा झरा लागतो. पुढे राई, तिच्यात पुतळे. राईपासून साधारण वीस स्टेडियन, म्हणजे साडेतीन किलोमीटरच्या आसपास, वर चढलं की हिप्पोक्रीनी. म्हणजे ॲगनिप्पे दम न लागता मिळतो आणि हिप्पोक्रीनीला पाय मोडावे लागतात. होनेस्टस नावाच्या कवीने नेमकं यावरच चार ओळी केल्या: हेलिकॉन चढताना फार दमलास खरा, पण पेगॅससच्या झऱ्याचं अमृत पोटभर प्यायलास. ज्ञानाचे कष्टही असेच, असं तो पुढे म्हणतो.

पेगॅसस हा पंखांचा घोडा. त्याच्या टापेने हिप्पोक्रीनी फुटली यावर सगळ्यांचं एकमत, कारणावर नाही. ॲरेटस या कवीचं म्हणणं साधं आहे: माथ्यावर पाणी नव्हतं, घोड्याने पुढच्या पायाची टाप मारली, पाणी उसळलं, आणि त्या पाण्याला घोड्याचा झरा हे नाव पाडलं ते मेंढपाळांनी. दुसरी कथा जास्त रंगतदार. पिएरस राजाच्या नऊ मुलींनी नऊ म्यूझना गाण्याच्या सामन्याला आव्हान दिलं. मुली गायल्या तेव्हा सगळीकडे अंधारून आलं, कोणी कान देईना. म्यूझ गायल्या तेव्हा आकाश, तारे, समुद्र, नद्या जागच्या जागी थबकल्या आणि हेलिकॉन डोंगर आनंदाने फुगत फुगत आभाळाला लागायला निघाला. मग समुद्रदेव पोसायडनच्या आज्ञेवरून पेगॅससने त्याच्या डोक्यात टाप घातली, तेव्हा कुठे तो थांबला. या कथेत झरा म्हणजे अनावर झालेल्या डोंगराला घातलेला आवर. नवख्या कवींना मी मुद्दाम हीच सांगते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. पेलोपोनीसमधल्या ट्रीझन गावातही एक हिप्पोक्रीनी होती, तीही पेगॅससच्याच टापेची. नावावर जाऊन तिकडे वळू नका. आणि कॉरिंथचा पायरिनी झरा पेगॅससचा असला तरी तिथे त्याने टाप मारलेली नाही. कथेप्रमाणे तो पाणी प्यायला यायचा आणि तिथेच बेलेरोफॉन या वीराने त्याला लगाम घातला. पायरिनीला कवितेचा झरा केलं ते नंतरच्या रोमन कवींनी.

ओंजळ भरण्याआधी हेसिअडकडे बघा

आता जिथे सगळे घसरतात ती जागा. इ.स.पू. ७०० च्या सुमारास हेलिकॉनच्या पायथ्याशी हेसिअड मेंढरं राखत होता. त्याचं गाव अस्क्रा. हिवाळ्यात वाईट, उन्हाळ्यात छळणारं, कधीच धड नाही, असं स्वतःच्या गावाचं वर्णन त्यानेच केलंय. त्याच्या देवोत्पत्तीच्या काव्याच्या सुरुवातीला म्यूझ येतात. पर्मेसॉस, हिप्पोक्रीनी किंवा ओल्मेयॉसच्या पाण्यात अंग धुतात, निळ्या-जांभळ्या झऱ्याभोवती आणि झ्यूसच्या वेदीभोवती कोवळ्या पावलांनी नाचतात. मग रात्री धुक्यात लपेटून डोंगर उतरतात आणि हेसिअडला गाठतात.

आता पुढे नीट वाचा. त्या आधी शिवी देतात: रानात राहणारे मेंढपाळ तुम्ही, लाजिरवाणे, नुसती पोटं! मग सांगतात, खऱ्यासारखं दिसणारं खोटं आम्हाला पुष्कळ सांगता येतं आणि मनात आलं तर खरंही सांगता येतं. त्यानंतर लॉरेलची एक हिरवी काठी त्याच्या हाती देतात आणि त्याच्यात आवाज फुंकतात. संपलं. हेसिअड पाणी पीत नाही. घोटभरही नाही. झरा आहे, पण तो त्यांच्या न्हाण्याचा आणि नाचण्याचा.

पिण्याची गोष्ट मागाहून आली. इ.स.पू. पाचव्या शतकात पिंडर म्हणतो की थीब्जच्या वेशीशी म्यूझनी वाहतं केलेलं डर्कीचं पवित्र पाणी मी पाजीन. म्हणजे त्याचं गाणंच ते पाणी. तिथून पुढे कवींनी हेसिअडलाही पाणी पाजलं. मेसिनीच्या अल्सिअसने त्याच्यावर मृत्युकविता लिहिली, तिच्यात हेसिअडचं शव अप्सरा आपल्या झऱ्यांच्या पाण्याने धुतात आणि त्याचा गोड आवाज हा नऊ म्यूझच्या निर्मळ झऱ्यांची चव घेतल्याचा गुण ठरतो. सुंदर कविता, पण हेसिअडने स्वतः असलं काही सांगितलेलं नाही.

म्हणून माझ्या कृतीत पिणं चौथ्या-पाचव्या जागी येतं. आधी तिथे जाऊन आपलं काम करत बसा. हेसिअड मेंढरं राखत होता. पॅरोस बेटावरचा कवी आर्किलोकस तर लहानपणी भल्या पहाटे चांदण्यात गाय विकायला निघाला होता. वाटेत बायकांचा घोळका भेटला, त्याने थट्टा केली, त्यांनीही हसून घेतलं आणि गाय विकतोस का म्हणून विचारलं. हो म्हणताच गायही गायब, बायकाही गायब, आणि पायाशी एक वीणा. ही कथा पॅरोसवर दगडात कोरलेली सापडली आहे. तिच्यात झराच नाही.

पॉसेनिअसची आणखी एक नोंद मला फार आवडते. हिप्पोक्रीनीजवळच तिथल्या लोकांनी त्याला शिशाचा एक पत्रा दाखवला. काळाने बराचसा खराब झालेला, त्यावर हेसिअडचं शेतीकामावरचं काव्य. पण सुरुवातीची म्यूझची स्तुती त्यात नव्हती; हेसिअडने ती लिहिलीच नाही, असं त्या लोकांचं ठाम मत. खुद्द म्यूझच्या डोंगरावर राहणाऱ्यांना नमनाचं तेल नको होतं.

वेळ

भर दुपारी जाऊ नका. कॅलिमॅकसच्या सूक्तात अथीना देवी आणि तिची सखी कॅरिक्लो हिप्पोक्रीनीत न्हात असतात. डोंगरावर दुपारची सामसूम. कॅरिक्लोचा मुलगा टायरेसिअस कुत्र्यांसोबत शिकारीला आलेला, तहानेने व्याकूळ, झऱ्याशी येतो आणि नको ते बघून बसतो. डोळे तिथल्या तिथे गेले. आई रडू लागली तेव्हा अथीना म्हणाली, मी नाही केलं, जुना नियमच आहे: देवाची इच्छा नसताना जो देवाला बघतो त्याला मोठी किंमत पडते. भरपाई म्हणून त्याला भविष्यज्ञान, लांबलचक आयुष्य आणि पाय सांभाळणारी मोठी काठी मिळाली. पुढे थीब्जचा सर्वांत मोठा द्रष्टा झाला, हे खरं. पण मुलगा फक्त पाणी प्यायला आला होता.

संध्याकाळही नको. महाबली हेराक्लीसचा लाडका हायलस जेवणाच्या वेळी पितळी भांडं घेऊन पाणी आणायला गेला. थिओक्रिटस या कवीने तो झरा जवळून दाखवलाय: खोलगट जागा, भोवती लव्हाळे, गर्द हिरवं गवत, आणि मध्ये झोप न येणाऱ्या अप्सरा नाचायच्या तयारीत. पोराने भांडं बुडवायला हात खाली केला, त्या तिघींनी तो धरला. हेराक्लीसने तीनदा हाक मारली, पोराने तीनदा ओ दिली, पण पाण्याखालून आवाज इतका बारीक आला की जवळ असूनही दूरचा वाटला. राहता राहिली सकाळ. सकाळी जा.

हात, पाय आणि नैवेद्य

हेसिअडने शेतकऱ्याला नियम घालून दिलेत, ते कवीलाही लागू. वाहती नदी पायी ओलांडण्याआधी तिच्या सुंदर प्रवाहाकडे बघून प्रार्थना करा आणि स्वच्छ पाण्यात हात धुवा. झऱ्यात लघवी करू नका. हे दुसरं त्याला लिहून ठेवावं लागलं यावरून लोक काय करत असतील ते समजतं. अथेन्सभोवतालच्या ॲटिका प्रांतात व्हारी इथे अप्सरांची गुहा आहे. तिथल्या एका कोरीव सूचनेचा अर्थ असा की आतडी बाहेर धुवा आणि शेण साफ करा. बळी द्या, पण आत घाण नको. देवस्थानाची पाटी असावी तर अशी.

शुद्धी हेच मुख्य काम असेल तर कास्तालिया. डेल्फीला फेड्रिअडिस नावाच्या दोन उभ्या कड्यांच्या फटीतून हा झरा येतो. देवळात जायच्या आधी इथे धुऊन घ्यायचं. युरिपिडिसच्या एका नाटकाची सुरुवात म्हणजे या कामाचं चालतं प्रात्यक्षिक आहे. पहाट झालीय, आयॉन हा देवळातला पोरगा लॉरेलच्या फांद्यांनी अंगण झाडतोय, पाणी शिंपडतोय आणि पाखरांनी नवसाच्या वस्तू घाण करू नयेत म्हणून धनुष्य रोखून त्यांना हाकलतोय. सेवकांना तो बजावतो: कास्तालियाच्या चंदेरी भोवऱ्यांकडे जा, निर्मळ पाण्याने अंग धुवा, मग देवळात या, आणि तोंडातून चांगलेच शब्द काढा. कवितेचं नाव नाही. कास्तालियाचं पाणी पेल्यात भरून कवीला पाजणारा अपोलो ओव्हिडच्या कवितेत भेटतो, आणि तो रोमचा.

किती धुवायचं, याचंही उत्तर आहे. पिथिया, म्हणजे डेल्फीची भविष्य सांगणारी पुजारीण, तिच्या नावावर सांगितली जाणारी एक छोटी कविता म्हणते की चांगल्या माणसाला एक थेंब पुरे. वाईट माणसाला अख्खा महासागरही धुऊ शकणार नाही.

आता नैवेद्य. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: अथेन्समध्ये म्यूझ, त्यांची आई म्नेमोसिनी आणि अप्सरा यांना वाहायच्या तर्पणात मद्य चालत नसे. तेव्हा बुधला घरी ठेवा. इथाकाच्या वेशीबाहेरच्या झऱ्याचं वर्णन होमरने केलंय. बांधीव कुंड, भोवती पॉपलर, वरच्या खडकातून पडणारं गार पाणी आणि माथ्यावर अप्सरांची वेदी. येणारा-जाणारा प्रत्येक वाटसरू तिथे काहीतरी वाहून पुढे जातो. तुम्हीही तेवढं करा. झऱ्याला विचारल्याशिवाय तिथे ठाण मांडू नका, हे तर खुद्द अपोलोलाही शिकावं लागलं. टेल्फूसा झऱ्याशी देऊळ बांधायला तो निघाला तेव्हा ती झरी त्याला गोड बोलून म्हणाली, इथे घोडे-खेचरं पाणी प्यायला येतात, फार गोंगाट, तू आपला डेल्फीला जा. देव गेला. नंतर तिचा डाव लक्षात आल्यावर परत येऊन त्याने तिच्या प्रवाहावर दगडांचा खच पाडला. देव होता म्हणून निभावलं.

किती प्यायचं

थोडं. कॅलिमॅकस, इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून लिहिणारा, याबाबतीत सर्वांत कडक. अपोलोच्या सूक्ताच्या शेवटी मूर्तिमंत मत्सर अपोलोच्या कानात कुजबुजतो की समुद्राएवढं न गाणारा कवी मला आवडत नाही. अपोलो त्याला लाथ घालतो आणि सांगतो: ॲसिरियाच्या नदीचा प्रवाह मोठा, पण ती गाळ आणि कचरा वाहते, डिमीटर देवीसाठी मधमाश्या कुठलंही पाणी नेत नाहीत, पवित्र झऱ्यातून वर येणारा निर्मळ, बारीकसा, अव्वल थेंबच नेतात. एका दुसऱ्या कवितेत कॅलिमॅकस सरळ म्हणतो, सार्वजनिक झऱ्यावर मी पीत नाही. थोडा शिष्टपणा आहे त्यात. पण लांबण लावणाऱ्या कवींना हे सूक्त पाठ करायला लावावं असं मला वाटतं.

जास्त पिण्याचे परिणाम बघायचे तर क्लारोसला चला. आशिया मायनरच्या किनाऱ्यावर कोलोफॉन शहराजवळचं हे अपोलोचं स्थान. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या वर्णनाप्रमाणे इथला पुजारी आलेल्यांची फक्त संख्या आणि नावं ऐकतो, गुहेत उतरतो, गुप्त झऱ्याचं पाणी पितो आणि वर येऊन प्रत्येकाच्या मनातल्या प्रश्नाला छंदोबद्ध उत्तर देतो; बहुतेक पुजाऱ्यांना अक्षरओळख नाही की काव्याची जाण. झटपट कविता म्हणतात ती हीच. इ.स. १८ मध्ये जर्मॅनिकस हा रोमन सेनापती इथे आला आणि त्याला लवकर मरणाचं सूचन झालं असं म्हणत. पुढच्याच वर्षी तो गेला. पाण्याची किंमत थोरला प्लिनी या रोमन लेखकाने एका वाक्यात सांगितलीय: भविष्य अद्भुत निघतं, पिणाऱ्याचं आयुष्य कमी होतं. डेल्फीलाही कास्सोटिस नावाचं पाणी जमिनीखालून गाभाऱ्यात जाऊन बायकांना द्रष्ट्या करतं, असं पॉसेनिअसने ऐकलं होतं. कवितेसाठी या दोन्ही ठिकाणी जाऊ नये.

आणि पाणी प्यायचंच कशाला, असं विचारणारा एक दांडगा पक्षही होता. अथेन्सचा विनोदी नाटककार क्रॅटिनस त्याचा मेरुमणी. तरुण ॲरिस्टोफेनिसने भर रंगमंचावर त्याची म्हातारा दारुडा म्हणून टर उडवली. पुढच्या वर्षी, इ.स.पू. ४२३ मध्ये, क्रॅटिनसने स्वतःच्याच दारूवर नाटक लिहिलं. त्यात कॉमेडी ही त्याची लग्नाची बायको, आणि ती नवऱ्याच्या बाटलीबद्दल तक्रार करते. त्याला पहिलं बक्षीस मिळालं, ॲरिस्टोफेनिस तिसरा. पुढे थेस्सलोनिकाच्या अँटिपेटरने पवित्र झऱ्याचं साधं पाणी पिऊन दुर्मीळ शब्द चघळणाऱ्या कवींना मैफिलीतून हाकलूनच दिलं: आज होमर आणि आर्किलोकसच्या नावाने मद्य ओततोय, पाणीवाल्यांना जागा नाही. टोला कॅलिमॅकसच्या पंथाला होता, हे उघड आहे. माझा कौल तरीही पाण्याला. दारूवाल्या पक्षाची बाजू मांडणाऱ्या या ओळी एकूण एक शुद्धीत घासूनपुसून लिहिलेल्या आहेत.

आठवणीसाठी: लेबाडेया

खरं सांगायचं तर कवीच्या सर्वांत उपयोगाचा झरा हेलिकॉनवर नाहीच. तो त्याच बिओशियात, लेबाडेयाला, ट्रोफोनियस या भविष्य सांगणाऱ्या दैवताच्या स्थानी. म्यूझची आई म्नेमोसिनी म्हणजे स्मृती, आणि तिचं स्वतःचं पाणी इथे. पॉसेनिअसने हा विधी स्वतः केला होता, त्यामुळे त्याचं सांगणं पायरीपायरीचं आहे.

काही दिवस तिथल्याच एका वास्तूत राहायचं. गरम पाण्याने आंघोळ बंद, फक्त हर्किना नदीत. रोज बळी, त्यामुळे मांस भरपूर. ठरलेल्या रात्री तेरा वर्षांची दोन मुलं नदीवर नेऊन तेल लावून न्हाऊ घालतात. मग पुजारी शेजारी शेजारी असलेल्या दोन झऱ्यांशी नेतात. आधी लेथेचं पाणी: आतापर्यंत डोक्यात असलेलं सगळं विसरायला. त्यानंतर म्नेमोसिनीचं: खाली जे दिसेल ते लक्षात राहायला. हा क्रम उलटा करायचा नाही. मग तागाचा अंगरखा, फिती, तिथले खास जोडे. शिडीने एका भट्टीच्या आकाराच्या खड्ड्यात उतरायचं, हातात मधात मळलेल्या सातूच्या वड्या, जमिनीवर आडवं होऊन पाय एका फटीत घालायचे. गुडघे आत गेले की उरलेलं शरीर वेगवान नदीच्या भोवऱ्यात सापडल्यासारखं आत ओढलं जातं.

बाहेरही पायच आधी येतात. आल्यावर स्मृतीच्या आसनावर बसवून पुजारी सगळं विचारून घेतात. माणूस भीतीने इतका गोठलेला असतो की स्वतःची ओळख नसते. भान आणि हसू परत येतं, पण सावकाश. आणि शेवटची अट: जे ऐकलं किंवा पाहिलं ते पाटीवर लिहून तिथे अर्पण केलंच पाहिजे. कवितेचं सगळं तंत्र या एका विधीत आहे असं मी मानते. विसरा, मग लक्षात ठेवा, घाबरा आणि लिहून द्या.

फक्त हा क्रम जिवंत माणसांचा. मेल्यावर उलटं. इटलीच्या दक्षिणेला हिप्पोनियन इथे एका बाईच्या थडग्यात सोन्याचा चिमुकला पत्रा सापडला, इ.स.पू. ४०० च्या सुमाराचा. त्यावर मेलेल्या जिवासाठी सूचना आहेत. पाताळात एक झरा लागेल, शेजारी पांढरा सरू. तिथे जाऊही नकोस. पुढे स्मृतीच्या तळ्यातून गार पाणी वाहतंय, राखणदार उभे आहेत. त्यांना सांग की मी पृथ्वीचं आणि ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाचं लेकरू, तहानेने सुकून मरतोय, मला ते पाणी द्या. तो टाळायचा झरा या पत्र्यावर उजवीकडे आहे आणि पेटेलियाच्या तसल्याच पत्र्यावर, जो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, डावीकडे. तेव्हा दिशेवर विसंबू नका, पांढऱ्या सरूवर लक्ष ठेवा.

कविता आल्यानंतर

मिरवू नका. थ्रेसच्या थॅमिरिस या गायकाने बढाई मारली की म्यूझही समोर आल्या तरी मीच जिंकेन. डोरिऑन या गावी त्यांनी त्याला गाठलं, लुळा-अपंग केलं, गाणं काढून घेतलं आणि वीणा वाजवायचंही विसरायला लावलं. पिएरसच्या नऊ मुली पाखरं झाल्या. ओव्हिड त्यांना मॅगपाय करतो, अजूनही कलकलणाऱ्या. सायरन या पंखवाल्या गायिकांनी हेरा देवीच्या नादाने सामना लावला आणि हरल्या, तेव्हा म्यूझनी त्यांची पिसं उपटून स्वतःसाठी मुकुट केले. या बायकांना विनोद कळतो, आव्हान नाही.

उलट परतफेड करा. युबिया बेटावर कॅल्किसला एका राजाच्या अंत्यविधीच्या खेळांत हेसिअडने गाऊन तिवई जिंकली, ती त्याने हेलिकॉनच्या म्यूझना वाहिली, जिथे त्यांनी त्याला गाण्याच्या वाटेला लावलं त्याच जागी. पॉसेनिअसला तिथल्या तिवयांत हीच सर्वांत जुनी म्हणून दाखवण्यात आली. थेराचा आर्किडेमॉस याहून पुढे गेला. व्हारीची ती गुहा, शेणाच्या सूचनेची, तिचा मानकरी हाच. इ.स.पू. पाचव्या शतकात अप्सरांनी झपाटलेला हा माणूस त्यांच्या सांगण्यावरून गुहा कोरत बसला, त्यांच्यासाठी बाग लावली आणि भिंतीवर स्वतःला कोरलं ते हातात अवजारं घेतलेलं. सॉक्रेटिसलाही अथेन्सबाहेर इलिसॉसच्या काठी या झपाटण्याची चाहूल लागली होती. प्लेनच्या झाडाखाली पायाने झऱ्याचा गारवा अजमावून तो बसला आणि बोलता बोलता म्हणाला, मला अप्सरांनी धरलं तर नवल मानू नकोस, आताच माझं बोलणं कवनाच्या जवळ आलंय. सॉक्रेटिसने पाणी पायाला लावलं, ओठाला नाही.

आज जाणार असाल तर: मी डेल्फीला गेले तेव्हा कास्तालियाच्या कड्यापुढे कुंपण होतं, वरून दगड सुटतात म्हणून. रस्त्याच्या कडेला नळाखाली लोक बाटल्या भरत होते. कॉरिंथची पायरिनी उत्खननात मोकळी झाली आहे; कमानींची दर्शनी भिंत दिसते, आत उतरता येत नाही. हेलिकॉनच्या पूर्वेकडच्या माथ्याजवळ क्रिओपिगादी नावाची विहीर आहे, तीच हिप्पोक्रीनी असं मानतात. पाणी खोल असतं, तेव्हा दोरी आणि लहान भांडं बरोबर घ्या, निघायचं ते पहाटे, आणि दुपारच्या आत उतरायला लागा.